घरच्या चिंध्यांचें खवलेमांजर

उन्हाळ्याच्या सुटींत घरांत दहाबारा मुलें जमलीं म्हणजे त्यांस उद्योगांत गुंतविणें किती अवघड असतें, हें एकत्र कुटुंबांतील आमच्या वाचकांस सांगावयास नको. यंदा आमच्या घरीं मुलांनीं खवलेमांजराचें मोठें चित्र करावयाचें ठरविलें. तेंहि नुसत्या रंगांचें नव्हे, तर कागद, कापड, सुतळी, माती अशा मिळेल त्या साहित्याचें. चिपळूण तालुक्यांतील डुगवे गांवीं २०२० सालीं जागतिक खवलेमांजर दिनीं गांवकऱ्यांनीं या प्राण्याची प्रतिकृति पालखींत बसवून नाचविली होती. ती हकीकत ऐकून मुलांस ही हौस वाटली.

या प्राण्याच्या जगांत आठ जाती आहेत. चार आशियांत व चार आफ्रिकेंत. आपल्याकडील जात नामशेष होण्याच्या मार्गावर आहे. तोंडांत दांत नाहींत. लांब चिकट जिभेनें मुंग्या व वाळवी टिपावी, दिवसा बिळांत निजावें, आणि बहुधा एकच पिलूं व्हावें, असा हा गरीब जीव.

एका फळीवर गोणपाट ताणून त्यावर खडूनें आकृति काढली. खवल्यांसाठीं जुन्या लग्नपत्रिका कातरून काताच्या पाण्यांत बुडविल्या व वाळविल्या; त्यांस सुरेख तपकिरी रंग चढला. परंतु मुलांनीं डोक्यापासून चिकटविण्यास आरंभ केला, आणि दुसऱ्याच ओळीस सारें बिघडलें. खवल्यांचीं टोकें झांकलीं जाऊन बुडखे तेवढे वर दिसूं लागले. तेव्हां थोरल्या काकांनीं सुचविलें, "अरे, कौलें वळचणीकडून आढ्याकडे बसवितात ना?" मग सर्व उखडून शेपटीच्या टोंकापासून पुन्हां सुरुवात झाली. पाठीवर अशा ११ ते १३ ओळी असतात. पोटावर खवले नसतात. तेथें सुतळी उसवून तिचे केंस लाविले. वारुळासाठीं माती डिंकांत कालविली, व जुन्या लुगड्याच्या कांठांतील धाग्याची जीभ केली. आईच्या शेपटीवर बसलेलें पिलूं धाकट्यांनीं मागाहून हट्टानें चिकटविलें.

काम संपत आलें असतां आत्याबाईंनीं पेटींतून एक डबी आणली. तींत खरा खवला होता. "एक तरी खरा लावा," त्या म्हणाल्या. त्यांच्या माहेरीं मूळव्याधीवर त्याची अंगठी करून घालीत.

"आत्याआजी, ज्याचा हा, तें कोठें आहे?" थोरल्या नातीनें विचारलें.

आत्याबाई कांहीं वेळ बोलल्या नाहींत. मग सांगूं लागल्या. त्या सात वर्षांच्या असतांना रात्रीं परसांत एक खवलेमांजर आलें. कंदील दिसतांच तें अंगाचें वेटोळें करून बसलें. गड्यानें नारळ उचलावा तसें उचलून टोपलींत घातलें. "तें पळालें नाहीं ग. आवळून बसलें कीं संकट टळतें, एवढेंच त्यास ठाऊक!"

खरोखर, वाघाचा दांत ज्या चिलखतावर चालत नाहीं, तें मनुष्यापुढें निरुपयोगी ठरतें. इतकेंच नव्हे, तर त्याच चिलखतासाठीं त्याचा जीव जातो. आणि तो खवला तरी कशाचा? आपलीं नखें व केंस ज्या द्रव्याचे, त्याच द्रव्याचा. औषधाची आशा धरणारानें आपलींच नखें उगाळावींत! चीननेंहि २०२० सालीं आपल्या औषधकोशाच्या यादींतून हे खवले वगळले. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचींत या प्राण्याचें नांव असून त्याचा खवला घरांत बाळगणेंहि गुन्हा ठरतो. हें आम्हां सुशिक्षितांच्या घरांत कोणास ठाऊक नव्हतें, याची आम्हांस लाज वाटली.

दुसऱ्या दिवशीं आत्याबाईंनीं स्वतः जाऊन तो खवला वनाधिकाऱ्यांच्या हवालीं केला. चित्रांत त्याच्यासाठीं राखलेली जागा मात्र त्यांनीं कागदानें भरूं दिली नाहीं. आतां तें चित्र आमच्या ओटीवर लाविलें आहे. येणारा पाहुणा प्रथम त्या उघड्या गोणपाटाकडे बोट दाखवून म्हणतो, "येथें एक राहिला वाटतें?" मग मुलें आंत धांवत जाऊन आत्याबाईंस बोलावून आणतात, आणि त्या पहिल्यापासून सारी हकीकत सांगतात.