चला, व्हिएतनामी जेवायला!

बाहेर जेवायला जायचं ठरलं की आपली गाडी कशी नेहमीच्या रुळावरून धावते, नाही? मुलांना चायनीज, यजमानांना तंदुरी, सासूबाईंना साधा डोसा. आणि आपल्याला? ‘मला काहीही चालेल!’ पण हल्ली मुंबई-पुण्यात व्हिएतनामी जेवणाची हॉटेलं निघाली आहेत. त्यात 2022 साली मुंबईहून व्हिएतनामला थेट विमानं सुरू झाली, तेव्हापासून तिकडे फिरून आलेली भाचे-पुतणे मंडळीही वाढली. ‘काकू, एकदा चला तर खरं’ असा त्यांचा आग्रह सुरू होतो.

जा की! मात्र या जेवणात एक मेख आहे. तुमच्याबरोबर कुणी पक्कं शाकाहारी असेल तर ती आधीच ठाऊक हवी.

ती मेख म्हणजे ‘नुक माम’, फिश सॉस. मांदेलीच्या जातीचे बारीक मासे मिठात घालून महिनोन्‌महिने मुरवतात. त्यातून निथळणारं तांबूस पाणी तिथल्या स्वयंपाकात आपल्या मिठाइतक्या सहजपणे पडतं. कोशिंबिरीत, चटणीत, अगदी परतलेल्या पालेभाजीतसुद्धा! तेव्हा मांसाचा तुकडा दिसत नाही म्हणून पदार्थ शाकाहारी, असं समजू नका. वेटरला नुसतं ‘व्हेज आहे ना?’ विचारलंत तर तो मान डोलावून मोकळा होईल. नीट विचारा, ‘यात फिश सॉस आहे का? सूपचं पाणी कशाचं काढलंय?’ यजमान ‘कशाला उगाच विचारत बसतेस’ म्हणून कोपराने ढोसतील. ढोसू देत. भाजीवाल्याकडचं वांगं आपण उलटंपालटं करून बघतोच ना? ज्या सासूबाईंनी जन्मात अंड्याच्या भांड्याला हात लावला नाही, त्यांच्या पोटात नकळत मासळी जाणं ही काही थट्टेची गोष्ट नाही.

गंमत म्हणजे व्हिएतनामी बायकांनाही हे सोवळं नवं नाही बरं का! तिथल्या बौद्ध घरांतून चांद्र महिन्याच्या पहिल्या दिवशी आणि पौर्णिमेला शाकाहारी जेवायची चाल आहे. त्या जेवणाला त्यांचा शब्द आहे ‘चाय’. मेन्यूकार्डावर तो दिसला तर चहा समजून पुढे जाऊ नका. टोफू, म्हणजे सोयाबीनचं पनीर, अळंबी आणि सोया सॉस यांवर हा स्वयंपाक चालतो. सासूबाईंसाठी तिथूनच निवडा.

सुरुवात ‘गोई कुओन’ने करावी. तांदळाचं पातळ पीठ उकळत्या पाण्याच्या भांड्यावर ताणलेल्या फडक्यावर पसरतात, वाफवतात आणि उन्हात वाळवतात. कोकणातल्या मैत्रिणींना आपल्या फेण्या आठवल्या ना? आपण त्या तळतो, त्या बायका पाण्यात बुडवून मऊ करतात. आत तांदळाच्या शेवया, पुदिना, कोथिंबीर, आणि कोळंबी किंवा टोफू घालून गुंडाळी करतात. तळणाचं नाव नाही! सोबत बहुधा शेंगदाण्याची दाट चटणी येते. तीही विचारूनच घ्या. (एक सांगते, उपासाच्या दिवशी मात्र तिकडे फिरकू नका. सगळा कारभार तांदळाचा!)

आणि मग ‘फो’. शेवया घातलेल्या गरम सूपचा हा मोठा वाडगा उत्तर व्हिएतनाममध्ये विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जन्मला. 1954 साली देश दुभंगला, उत्तरेकडची लाखो माणसं दक्षिणेत गेली आणि फोही त्यांच्याबरोबर गेला. 1975 साली युद्ध संपल्यावर निर्वासितांनी तो पॅरिस, कॅलिफोर्निया, सिडनीपर्यंत नेला. फाळणीनंतर सिंधी बायकांच्या हातची दाल-पकवान उल्हासनगरला आली, तसंच हे. देश सुटतो, पण हाताची चव कशी सुटेल?

मूळचं सूप हाडांचं, तासन्‌तास मंद आचेवर उकळलेलं. त्यात भाजलेला कांदा, आलं, दालचिनी, चक्रीफूल, मसाला वेलची. अर्धा गोडा मसालाच झाला की हो! जुना फो गोमांसाचा. ते वर्ज्य असेल तर ‘फो गा’ म्हणजे कोंबडीचा मागवा, आणि शाकाहारी फो मागवलात तर पाणी निव्वळ भाज्यांचं असल्याची खात्री करून घ्या. बरोबर मोड, लिंबू, मिरची आणि तुळशीच्या जातीची सुवासिक पानं एका ताटलीत येतात. ती शोभेची नव्हेत, ज्याने त्याने आपल्या चवीनुसार वाडग्यात घालायची असतात. सूप आळणी वाटलं तर आधी लिंबू पिळून बघा.

मुलांना ‘बान मी’ नक्की आवडेल. हा भरलेला लांबट पाव. तिकडे पाव फ्रेंचांनी नेला, आपल्याकडे पोर्तुगीजांनी आणला.

आणि हो, स्वतःसाठी एक आख्खा वाडगा मागवा. मुलांनी टाकलेल्या शेवया संपवायला आपण घरी असतोच.

शेवटी कॉफी. तीही फ्रेंचांनीच नेलेली. तिकडे ताजं दूध मिळायची मारामार, म्हणून पेल्याच्या तळाशी डब्यातलं घट्ट गोड दूध घालायची पद्धत पडली. पेल्यावर छोटी गाळणी ठेवतात आणि काळीभोर कॉफी थेंब थेंब खाली उतरते. फार कडक असते हं! रात्री झोप उडायची, तेव्हा दोघींत एक पुरे. ती उतरायला पाचेक मिनिटं लागतात. तेवढ्यात यजमान बिल मागवू लागले तर सांगा, ‘बसा हो जरा, आज भांडी नाहीत घासायची.’