नगरच्या पातेल्यातला समुद्र

आमच्या नगर जिल्ह्याला समुद्र नाही. पाथर्डीच्या आमच्या घरात तर उन्हाळा म्हणजे टँकरची वाट पाहणे. तरीही दर वैशाखात आई पातेल्यात थोडासा समुद्र शिजवत असे. हे आम्हा भावंडांना ठाऊक नव्हते, आणि तिलाही नव्हते.

किराणा दुकानातून दहा ग्रॅमची पुडी यायची. आत पांढऱ्या, सुरकुतलेल्या, वजनाला कापसासारख्या पट्ट्या. नाव, चायना ग्रास. आई त्या कापून कपभर पाण्यात भिजवी आणि मंद आचेवर पार विरघळेपर्यंत ढवळी. शेजारी साखर-वेलदोडा घातलेले लिटरभर दूध उकळत असे. दोन्ही कढत असतानाच एकत्र करायचे, नाहीतर गुठळ्या होतात. मग गाळून ताटात ओतायचे आणि ताट रात्रभर पाण्याच्या परातीत. फ्रीज नव्हता, पण अडत नसे. सकाळी सुरीने वड्या पडत आणि त्या नगरच्या उन्हातही वितळत नसत.

त्याचे कारण मला 1988 साली कॉलेजात कळले. काचेच्या बशीतला थर दाखवत सर म्हणाले, हे अगार. जेलिडियम, ग्रॅसिलेरिया अशा लाल समुद्री शेवाळांतून निघते. चाळीस अंशांच्या खाली गोठते आणि पुन्हा वितळायला पंच्याऐंशीच्या आसपास उष्णता लागते. जंतू वाढवण्यासाठी ते वापरावे, हे 1881 साली सुचवले ते फॅनी हेस्से या गृहिणीने. त्यांचे पती रॉबर्ट कॉख यांच्या प्रयोगशाळेत काम करत. स्वयंपाकघरातली युक्ती शास्त्राच्या कामी आली!

मी उत्साहाने हे घरी सांगितले. माळकरी आईचा हात थांबला.

"समुद्रातलं? मग ते मासळीच्या जवळचंच की रे."

"अगं, शेवाळ आहे ते. जिलेटिन जनावरांच्या हाडा-कातड्यांतून काढतात, हे तसं नाही. आणि मीठही समुद्रातलंच ना?"

"मिठाला कुणी शेवाळ म्हणत नाही," ती म्हणाली. त्या वर्षापासून आमच्याकडे चायना ग्रास बंद झाले. माझे ज्ञान खरे होते, पण ताट रिकामे झाले.

2004 साली आईला घशाचा आजार झाला. भाकरी सोडा, मऊ भातही उतरेना. पत्नीने दुधातल्या त्या वड्या केल्या. आईने विचारले, "तेच का गं हे?" पत्नी खोटे बोलली नाही. "हो आई, तेच." आई बराच वेळ वाटीकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "मीठही समुद्रातलंच म्हणा," आणि दोन वड्या खाल्ल्या. चार दिवसांनी तिच्या पोटात गेलेले ते पहिले अन्न.

तेव्हापासून मी समुद्री शेवाळाकडे आदराने पाहतो. आपले शेतकरी डाळिंबावर, द्राक्षावर त्याचा अर्क फवारतात, तोही समुद्रच. तमिळनाडूत रामनाथपुरमच्या किनाऱ्यावर बोटांना चिंध्या गुंडाळून, पाण्यात बुड्या मारून बायका ही शेवाळे तोडतात. आपल्या वडीमागे ते हात असतात.

पुण्या-मुंबईच्या दुकानांत आता जपानी प्रकारही मिळतात. नोरी म्हणजे कागदासारखे पातळ पान. तव्यावर क्षणभर शेकून तीळ-लसणाच्या चटणीत चुरडावे. कोम्बू जाड पट्टीसारखे. त्याचा लहान तुकडा पाण्यात भिजवायचा, पाणी उकळायला येताच काढून टाकायचा आणि ते पाणी आमटीला वापरायचे. 1908 साली किकुनाए इकेदा यांनी कोम्बूतूनच त्या खमंग चवीचे मूळ, ग्लुटामेट, शोधले. वाकामे पाच-दहा मिनिटे भिजवून, पिळून काकडीच्या कोशिंबिरीत घालावे. यांत मुळातच खारटपणा असतो, म्हणून मीठ शेवटी, चव पाहूनच. कोम्बूत आयोडीन फार असते, त्यामुळे थायरॉइडचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारावे.

सुरुवात मात्र चायना ग्रासनेच करावी. लिंबू-संत्र्याचा रस घालायचा असेल तर पातेले आचेवरून उतरवल्यावर घाला, आंबटात उकळले तर ते नीट गोठत नाही. आणि घरात कुणी विचारले, हे काय आहे, तर खरे सांगा. फक्त माझ्यासारखी घाई करू नका. आधी वाटी हातात द्या.