साल बघून केळं, पिवळं बघून हळद

हिंगोली जिल्ह्यातल्या डोंगरकड्याच्या शिवारात केळीचे घड उतरायला लागले, की व्यापाऱ्याची नजर आधी सालीवर जाते. ओरखडा आहे का, डाग आहे का, फणी एकसारखी आहे का? चव घ्यायचा प्रश्नच नाही, माल हिरवाकच्च निघतो. त्यामुळे सालीला ओरखडा आणि भावाला कात्री! गराला त्या ओरखड्याचा पत्ताही नसतो. आणि पिकल्यावर सालीवर जे तपकिरी ठिपके पडतात, ज्यांना बघून आपण नाक मुरडतो, ती तर पिष्टाची साखर झाल्याची पावती. घरी एकदा करून बघा. एक चकचकीत पिवळं केळं, एक ठिपक्यांचं. दोन्ही सोला, चकत्या करा आणि पाहुण्याचे डोळे बांधून भरवा. गोड कुठलं, ते त्यालाच विचारा.

याबाबतीत युरोपियन लोक आपल्याही पुढे. १९९४च्या त्यांच्या नियमात केळं किमान १४ सेंटिमीटर लांब, २७ मिलिमीटर जाड असावं आणि भलत्याच बाकाचं नसावं, असं लिहून ठेवलं होतं. गोडी किती असावी, याचं माप मात्र नव्हतं. वधूपरीक्षेत उंची आणि रंग विचारणारी मंडळी सगळीकडे सारखीच.

याच हिंगोली जिल्ह्याचं दुसरं पीक हळद. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. शिजवलेली, वाळवलेली हळद ढोलात घालून फिरवली, की मळकट कांडी लखलखते. पॉलिश ते पॉलिश; आतलं कुरकुमिन त्यानं तसूभर वाढत नाही. पण बाजारात अर्ध्या हळकुंडानं पिवळं होणारे आपणच.

हा पिवळ्याचा सोस जिवावर कसा बेततो, ते बांगलादेशात दिसलं. तिथं १९८०च्या दशकात पुरामुळे हळद नीट वाळेना, काळवंडायला लागली. काळपट हळद घेणार कोण? मग तिच्यावर लेड क्रोमेट चढू लागलं. हा शिशाचा पिवळाधमक रंग मेंदूला विष. वर्षानुवर्षं गिऱ्हाईक उजळ रंगावर खूश! संशोधकांनी छडा लावल्यावर सरकारनं छापे घातले, दंड केले. २०१९ मध्ये बाजारातल्या ४७ टक्के नमुन्यांत शिसं सापडलं होतं, २०२१ मध्ये एकाही नाही. दोन वर्षांत शून्य! अशी चांगली बातमी क्वचित मिळते, म्हणून मुद्दाम सांगितली.

जाणकार फसत नसतील? फ्रान्समध्ये बोर्दोला वाइनशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांपुढे पांढरी वाइन ठेवली, फक्त तिला बिनवासाच्या रंगानं लाल केलं होतं. २००१ मध्ये छापून आलेल्या या प्रयोगात भावी तज्ज्ञांनी तिचं वर्णन केलं ते थेट लाल वाइनच्या शब्दांत. नाक त्यांचं, पण हुकूम डोळ्यांचा.

आपल्याकडे झाकण्याची कला नाही असं नाही. गुरांच्या बाजारातली जुनी रीत आठवा. रुमालाखाली हात, बोटं दाबून भाव. म्हणजे किंमत झाकलेली आणि शिंगं रंगवून, झूल घालून बैल मात्र उघडा. झाकायचं होतं ते भलतंच, असं मला नेहमी वाटतं.

बोर्डानं मात्र बरोबर झाकलं. दहावी-बारावीच्या उत्तरपत्रिकेवर बारकोड लागतो, होलोक्राफ्ट स्टिकर लागतं. पेपर कुणाचा हे तपासणाऱ्याला कळत नाही. अक्षर मात्र कुठलंच स्टिकर झाकत नाही. तेच उत्तर वळणदार अक्षरात आलं तर गुण वाढतात, हे परदेशातल्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलंय. १९७४ च्या एका अमेरिकी प्रयोगात तर निबंधाला लेखिकेचा फोटो जोडला. फोटो देखणा, की निबंध चांगला! निबंध जितका सुमार, तितकी फोटोची मदत मोठी.

पण आपल्याकडचं खरं रूप चेहऱ्यावर नसतं, आडनावात असतं. अमरावती जिल्ह्यातून आलेले अर्थतज्ज्ञ सुखदेव थोरात आणि समाजशास्त्रज्ञ पॉल अॅटवेल यांनी ६६ आठवडे वर्तमानपत्रांतल्या खासगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना अर्ज धाडले. जाहिराती ५४८, अर्ज ४,८०८. पात्रता सारखी, नावं वेगळी: कुठं सवर्ण, कुठं दलित, कुठं मुस्लिम. २००७ मध्ये निष्कर्ष छापून आले. सवर्ण नावाच्या तुलनेत दलित नावाला पुढचं बोलावणं येण्याचं पारडं दोन तृतीयांशावर, मुस्लिम नावाला एक तृतीयांशावर. उमेदवाराला अजून कुणी पाहिलंही नव्हतं.

नाव झाकलं तर? १९३३ मध्ये ‘विभावरी शिरूरकर’ या नावानं ‘कळ्यांचे निःश्वास’ आलं आणि महाराष्ट्र हादरला. शिकलेल्या, अविवाहित मुलींची घुसमट त्यात होती. लोकांनी मात्र पुस्तकाइतकाच शोध लेखकाचा घेतला: ही बाई की बुवा? त्या होत्या बाळूताई खरे, पुढच्या मालती बेडेकर.

संगीतात पडदा बरा चालतो. परदेशी वाद्यवृंदांनी उमेदवारांना पडद्याआड वाजवायला लावलं. पण लाकडी फळीवर टाचांचा टकटक आवाज आला तरी बाई आहे हे कळायचं, म्हणून कुठं गालिचा अंथरला, कुठं बूट काढायला लावले. अमेरिकेत इंडियानापोलिसला २०१० मध्ये २१ व्हायोलिनवादकांना वेल्डरचे काळे गॉगल चढवून जुनी-नवी वाद्यं दिली. त्यांची पसंती नव्यांना, आणि सर्वांत नापसंत ठरलं ते एक जुनं, नावाजलेलं स्ट्रॅडिव्हेरियस व्हायोलिन. त्याच्या किमतीत अख्खी बागायत आली असती.

आता परत हिंगोलीत. औंढा नागनाथजवळ दुधाळ्याला गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगो-इंडियाची वेधशाळा उभी राहते आहे. तिला २०२३ मध्ये २,६०० कोटींची मंजुरी मिळाली. मूळच्या, अमेरिकेतल्या लायगोवाल्यांनी एकदा स्वतःचीच फसवणूक करून घेतली. सप्टेंबर २०१० मध्ये मोजक्या माणसांनी गुपचूप एक खोटा संकेत यंत्रात सोडला. बाकीच्यांनी महिनोन्‌महिने विश्लेषण केलं, शोधनिबंधही लिहून ठेवला. मार्च २०११ मध्ये लिफाफा उघडला: पेरलेलाच होता. पुढं १४ सप्टेंबर २०१५ ला खणखणीत संकेत आला, तेव्हा शास्त्रज्ञांनी पेढे वाटले नाहीत. पहिला प्रश्न विचारला, या वेळी कुणी पेरलाय? कुणीच नाही. तो पेरला होता दोन कृष्णविवरांनी, सुमारे १३० कोटी वर्षांपूर्वी.