निषेध कोणी कोणाचा करायचा?

बेळगावाहून चोर्ला घाटाच्या वाटेने गोव्याकडे निघाले, की खानापूर तालुक्यात कणकुंबी लागते. मलप्रभेचे हे उगमस्थान. भोवती जंगल, आणि जंगल आले की पाटी आलीच. कानडीत ‘प्रवेश निषेधिसलागिदे’, खाली इंग्रजीत ‘एंट्री प्रोहिबिटेड’. आमच्या एका विद्यार्थ्याला कानडी लिपी वाचता येते. त्याने विचारले, “मास्तर, प्रवेशाचा निषेध? त्याने काय गुन्हा केला?”

प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. संस्कृतात निषेध म्हणजे मनाईच. ‘विधिनिषेध’ हा शब्द आपणही त्याच अर्थाने वापरतो. कानडीने आणि हिंदीने तो अर्थ जपला. मराठीत मात्र सुटा ‘निषेध’ धिक्काराकडे सरकला: निषेधाचा ठराव, निषेधसभा, निषेधाच्या काळ्या फिती. बेळगावात याची गंमत (खरे तर गंमत म्हणवत नाही) १ नोव्हेंबरला दिसते. १९५६ साली या दिवशी हा मुलूख तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला, म्हणून सीमाभागातली मराठी माणसे काळा दिवस पाळून निषेध करतात. सरकारने जमावबंदी पुकारली, की कानडी वृत्तपत्रांत तिचे नाव ‘निषेधाज्ञे’. एकच शब्द, रस्त्यावर ती घोषणा आणि कचेरीत तो हुकूम.

इंग्रजी ‘प्रोहिबिट’ हुकमाच्या बाजूचा. लॅटिनमध्ये त्याचा मूळ अर्थ पुढे होऊन अडवून धरणे असा आहे. घरातले वडील ‘फर्बिड’ करतात, कायदा ‘प्रोहिबिट’ करतो. ‘बॅन’ आखूड, म्हणून मथळ्यांचा लाडका. फर्बिडनंतर ‘टु’ येतो, प्रोहिबिटनंतर ‘फ्रॉम’. आपली मुले हमखास ‘प्रोहिबिटेड टु एंटर’ लिहितात, कारण मनात ‘प्रवेश करण्यास मनाई’ असते, आणि त्या ‘ण्यास’चा ‘टु’ आपोआप होतो. व्याकरणाच्या दृष्टीने ही चूक खरी, पण ती मराठीतून आलेली आहे.

या एका क्रियापदासाठी आपल्याकडे शब्द किती! वाहनांना मनाई, दारूवर बंदी, चातुर्मासात कांदा-लसूण वर्ज्य. आकाशवाणीने १९४० साली पेटीवर घातली ती बंदी. ती सैल व्हायला १९७१ साल उजाडावे लागले. मालकंसात रिषभ-पंचम नाहीत, पण त्यांच्यावर बंदी आहे असे कोणी गवई म्हणणार नाही. ते वर्ज्य. बिहागात तर रिषभ आणि धैवत चढताना वर्ज्य, उतरताना हळूच डोकावतात. ‘प्रोहिबिट’मध्ये हे बसत नाही, कारण येथे हुकूम देणारा कोणी नसतो, रागाचा स्वभावच तसा.

आणि आता आमच्या गावातही मराठी पाट्यांवर ‘प्रवेश निषेध’ दिसू लागले आहे. अरबी-फारसीच्या वाटेने येऊन घरचा झालेला ‘मनाई’ हा चांगला खणखणीत शब्द आपल्याजवळ आहे. पाटी रंगवणाऱ्याने तोच लिहावा. रंगही थोडा कमी लागेल.