यकृताच्या रुग्णाला उपाशी ठेवू नका

गडचिरोली जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे. शेजारच्या चंद्रपुरात ती २०१५ मध्ये लागू झाली आणि २०२१ मध्ये उठली. पण बंदी असो वा नसो, दारूने यकृत खराब झालेल्या माणसाला रोज काय खायला द्यायचे, हा प्रश्न अखेर घरच्यांपुढेच येतो. डोळे पिवळे दिसले की अनेक घरांत डाळ, तेल, अंडी बंद होतात आणि पातळ पेज व उसाचा रस सुरू होतो. सिरॉसिसच्या रुग्णाला हे पथ्य मानवत नाही.

निरोगी यकृत साखरेचा साठा करून ठेवते आणि रात्रभर तो पुरवते. सिरॉसिसमध्ये यकृत कडक होते, साठा अपुरा पडतो आणि शरीर स्वतःचेच स्नायू मोडून ऊर्जा मिळवते. म्हणून पोट फुगलेले, पण दंड-मांड्या वाळलेल्या, असा रुग्ण दिसतो.

अशा रुग्णाला वजनाच्या दर किलोमागे दिवसाला १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिने लागतात. ५० किलोच्या माणसाला किमान ६० ग्रॅम. दिवसभरात ३०० ग्रॅम तांदूळ, ७५ ग्रॅम तूर, मूग किंवा बरबटी, दोन अंडी आणि पाव लिटर दूध यांतून ती जवळजवळ भागतात. अंडी नको असतील तर डाळ-दूध वाढवावे. ताजी मासळीही चालते.

हे अन्न चार-पाच वेळा थोडे थोडे द्यावे. संध्याकाळी सातला जेवून सकाळी नऊपर्यंत उपाशी राहू नये. झोपण्यापूर्वी वाटीभर दूधभात द्यावा. न्यूझीलंडमधील २००८ च्या एका अभ्यासात रात्री पूरक आहार घेणाऱ्या रुग्णांच्या शरीरातील प्रथिने वाढली. तोच आहार दिवसा घेणाऱ्यांची वाढली नाहीत.

पोटात पाणी झाले असेल तर दिवसाचे एकूण मीठ चहाच्या एका चमच्याच्या आत ठेवावे. लोणचे, पापड, खारवलेली सुकी मासळी टाळावी. मधुमेह किंवा किडनीचा आजार असल्यास आहार डॉक्टरांकडून ठरवून घ्यावा.

दारू पूर्ण बंदच हवी. मात्र रोज पिणाऱ्याने ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडावी. अचानक सोडल्यास झटके येऊ शकतात. झाडपाल्याचे औषध परस्पर देऊ नये. रक्ताची उलटी, काळी शौच किंवा बडबड-गुंगी दिसली तर रुग्णाला लगेच दवाखान्यात न्यावे.