आधी विमान हातात घ्या, बटणे नंतर

नोव्हेंबरच्या अखेरीस 'एलॅक' हे नाव एका रात्रीत पहिल्या पानावर आले. कानकूनहून न्यूअर्कला निघालेल्या जेटब्लूच्या ए-३२० विमानाने ३० ऑक्टोबर २०२५ रोजी वैमानिकांनी काहीही न करता नाक खाली घातले, काही प्रवासी जखमी झाले, आणि महिन्याभरात एअरबसने जगभरातल्या सुमारे सहा हजार विमानांतल्या एलॅकची दुरुस्ती करायला लावली. भारतातली तीनशेहून अधिक विमाने त्यात होती. पुढचे सगळ्यांनी वाचलेच आहे. मात्र ज्यांनी हे विमान घरच्या संगणकावर मन लावून उडवले आहे, त्यांना एलॅक कुठे असतो हे शोधावे लागले नाही. डोक्यावरच्या पॅनेलवर डावीकडे एलॅक १, उजवीकडे एलॅक २. एलिव्हेटर आणि एलेरॉन यांना हुकूम देणारे हे दोन संगणक. त्यांच्या सोबतीला तीन सेक आणि दोन फॅक, असे एकूण सात.

त्या बातमीनंतर ओळखीतल्या काहींनी विचारले, हे विमान खऱ्यासारखे शिकायचे तर सुरुवात कुठून करायची? उत्तर देण्याआधी मला एक गोष्ट ठामपणे सांगायची आहे. बहुतेक जण चुकीच्या टोकापासून सुरुवात करतात आणि म्हणूनच आठवड्याभरात सोडून देतात.

विमान कोणते, यावर फार वेळ घालवू नका. मायक्रोसॉफ्टच्या फ्लाइट सिम्युलेटरसाठी 'फ्लायबायवायर' या स्वयंसेवकांच्या गटाने बनवलेला ए-३२० निओ फुकट मिळतो आणि शिकण्यासाठी तो पुरून उरतो. २०२२ च्या मे महिन्यात आलेला फेनिक्सचा ए-३२० विकत घ्यावा लागतो. त्यात सर्किट ब्रेकरसुद्धा ओढता येतात. एक्स-प्लेन वापरणाऱ्यांसाठी टोलिसची विमाने आहेत. बोइंगची ओढ असेल तर पीएमडीजीचे ७३७ आहे. कोणतेही घ्या, पण एकच घ्या आणि काही महिने दुसऱ्याकडे बघू नका.

आता चुकीचे टोक कोणते ते सांगतो. नवखा माणूस विमान उघडतो ते 'कोल्ड अँड डार्क' अवस्थेत, म्हणजे बॅटरीसकट सगळे बंद. मग व्हिडिओ लावून तो एकेक बटण दाबत जातो. बॅटऱ्या, बाहेरची वीज, दिशा-स्थिती सांगणाऱ्या एडीआयआरएसची जुळणी, एपीयू, सहा इंधनपंप, मार्गाची योजना भरायच्या एमसीडीयूची पाने. दीड तासाने तो धावपट्टीवर पोहोचतो, उडतो, आणि पाच मिनिटांत विमान काय करते आहे हे त्याला कळेनासे होते. दीड तासाची मेहनत वाया जाते. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. बटणे पाठ होतात, विमान मात्र परकेच राहते.

क्रम उलटा करा. फ्लायबायवायरच्या विमानात एक टॅब्लेट आहे. त्यावर 'उड्डाणास तयार' अशी अवस्था निवडता येते. नागपूर घ्या. धावपट्टी तीन किलोमीटरहून लांब, आजूबाजूला डोंगरांची अडचण नाही. इंजिने चालू, फ्लॅप लावलेले, विमान धावपट्टीच्या टोकावर. उडा, जमिनीपासून दीड हजार फुटांवर सपाट व्हा, वळा, धावपट्टीला समांतर उलटे या, पुन्हा वळा आणि उतरा. नागपूर समुद्रसपाटीपासून हजारेक फूट उंच आहे, त्यामुळे उंचीमापकावर अडीच हजार दिसले पाहिजेत. ऑटोपायलट बंद. विमान कसे न्यायचे ते पडद्यावर दाखवणारे दोन्ही फ्लाइट डायरेक्टर बंद. ऑटोथ्रस्ट चालू राहू द्या. यातल्या 'दोन्ही' या शब्दाकडे आपण परत येणार आहोत.

त्याआधी घरातल्या लिव्हरची जुळणी केलीच पाहिजे. हे काम कंटाळवाणे आहे, पण नवख्यांच्या निम्म्या तक्रारी इथेच जन्मतात. ए-३२० चे थ्रस्ट लिव्हर ऑटोथ्रस्ट चालू असताना हलत नाहीत. ते ठरलेल्या खाचांमध्ये बसतात: आयडल, क्लाइम्ब, फ्लेक्स, टोगा. उड्डाणानंतर पडद्यावर 'एलव्हीआर सीएलबी' लुकलुकते तेव्हा लिव्हर क्लाइम्बच्या खाचेत आणायचे, आणि मग उतरेपर्यंत बहुधा हात लावायचा नाही. घरचा लिव्हर खाचेच्या केसभर खाली राहिला तर विमानाच्या लेखी तो खाचेत नसतो. वेग वाढत नाही, कारण कळत नाही. टॅब्लेटवरच्या जुळणीच्या पानावर प्रत्येक खाच नोंदवून घ्या.

साइडस्टिकबद्दल एवढेच, की तिच्याशी झगडू नका. ही काठी थेट पंख हलवत नाही, तुमची मागणी संगणकाला सांगते. वळण दिले आणि काठी सोडली की ३३ अंशांपर्यंतचा कल विमान आहे तसा धरून ठेवते. ट्रिमही आपोआप होते. उतरताना ५० फुटांवर संगणक नाकाची स्थिती टिपून ठेवतो आणि ३० फुटांपासून नाक हळूहळू खाली नेऊ लागतो. म्हणून तुम्हाला काठी मागे ओढावीच लागते, जशी साध्या विमानात ओढावी लागते. एअरबसच्या अभियंत्यांनी ही सवय मुद्दाम जपली. २० फुटांवर विमान 'रिटार्ड' म्हणते, तेव्हा लिव्हर आयडलला आणा.

असे बरेच फेरे झाले, विमान हाताला ओळखीचे झाले, की मग ऑटोपायलट. इथे ए-३२० चा खरा गाभा येतो. समोरच्या एफसीयू पॅनेलवर वेग, दिशा आणि उंचीच्या गोल खुंट्या आहेत. खुंटी आत ढकलली की विमान एमसीडीयूत भरलेल्या योजनेप्रमाणे वागते. बाहेर ओढली की तुम्ही निवडलेल्या आकड्याप्रमाणे. माउसने खेळताना ढकलणे आणि ओढणे यांत एका क्लिकचा फरक असतो. तुम्ही काय केले याची खात्री त्या खुंटीकडे मिळत नाही. ती मिळते मुख्य पडद्याच्या माथ्यावर, पाच रकान्यांच्या एका पट्टीत. तिला एफएमए म्हणतात. पहिल्या रकान्यात इंजिने काय करत आहेत, दुसऱ्यात चढ-उतार कशाने चालला आहे, तिसऱ्यात दिशा. हिरवे म्हणजे आत्ता लागू असलेले, निळे म्हणजे पुढे लागू होण्यासाठी सज्ज.

ही पट्टी न वाचण्याची किंमत भारताने फार लवकर मोजली आहे. १४ फेब्रुवारी १९९० रोजी इंडियन एअरलाइन्सचे आयसी-६०५ हे मुंबईहून निघालेले ए-३२० बंगळूरला उतरताना धावपट्टीच्या अलीकडे गोल्फच्या मैदानावर आदळले. १४६ पैकी ९२ जण गेले. विमानात बिघाड सापडला नाही. विमान 'ओपन डिसेंट' मध्ये होते, म्हणजे इंजिने आयडलवर आणि वेग सांभाळण्याची जबाबदारी नाकाच्या स्थितीवर. उतरताना मिनिटाला ७०० फूट असा उतरण्याचा दर लावायचा होता. त्याऐवजी उंचीच्या खुंटीवर ७०० फिरवले गेले असावे, अशी शक्यता चौकशीत मांडली गेली. बंगळूरची जमीनच समुद्रसपाटीपासून तीन हजार फुटांच्या आसपास. वेग घसरत गेला. एक फ्लाइट डायरेक्टर बंद केला गेला, दुसरा चालू राहिला. दोन्ही बंद झाले असते तर ऑटोथ्रस्ट आपोआप वेग राखण्याच्या पद्धतीत गेला असता. म्हणून वर 'दोन्ही' म्हटले. पट्टीवर हे सगळे लिहिलेले होते.

हे वाचून कुणी त्या वैमानिकांकडे बोट दाखवू नये. विमान देशात नवे होते, पद्धत नवी होती, आणि घरी बसून आपण जो फेरा शंभरदा मारू शकतो तो त्यांना तितक्या वेळा मिळाला नसावा.

त्याच दशकात अमेरिकन एअरलाइन्सचे प्रशिक्षक कॅप्टन वॉरेन व्हँडरबर्ग यांनी १९९७ साली डॅलसमध्ये दिलेले एक व्याख्यान आजही इंटरनेटवर बघता येते. सिम्युलेटर सुरू करणाऱ्या प्रत्येकाने बटणांच्या कोणत्याही व्हिडिओआधी ते बघावे, इतके मला ते महत्त्वाचे वाटते. पडद्यावरच्या जांभळट-गुलाबी मार्गरेषेवर वाढलेल्या वैमानिकांना त्यांनी त्या रेषेची मुले म्हटले. त्यांचे म्हणणे असे, की गडबड झाली की असे वैमानिक मान खाली घालून संगणकात नवे आकडे भरत बसतात आणि बाहेर बघायचे विसरतात. करायचे नेमके उलटे: स्वयंचलनाची एक पायरी खाली उतरा. संगणकाचा मार्ग जमत नसेल तर दिशा स्वतः निवडा. तेही जमत नसेल तर ऑटोपायलट आणि ऑटोथ्रस्ट दोन्ही काढा आणि विमान हाताने उडवा. १९९५ च्या डिसेंबरमध्ये कोलंबियातल्या कालीजवळ त्यांच्याच कंपनीचे बोइंग ७५७ डोंगरावर आदळले होते. संगणकात चुकीचा बिंदू भरला गेला आणि विमान तिकडे वळले. व्हँडरबर्ग यांच्या शब्दांना त्या अपघाताचे वजन आहे. एअरबसच्या पडद्यावर ही रेषा हिरवी असते, पण सवय तीच लागते.

उलट्या क्रमाने शिकण्याचा माझा आग्रह यातूनच येतो. ज्याला खालची पायरी येत नाही, तो खाली उतरणार कुठे?

एवढे झाले की बाकीचे सोपे वाटू लागते. एमसीडीयू भरण्याचा क्रम आठवड्याभरात बसतो: इनिट, फ्लाइट प्लॅन, रेडिओ, परफॉर्मन्स. मार्गात 'डिसकंटिन्युइटी' दिसली तर घाबरू नका. तिथे दोन तुकडे जोडलेले नाहीत एवढाच तिचा अर्थ. वजन, इंधन आणि मार्ग सिमब्रीफ या संकेतस्थळावर फुकट काढता येतो. उतरायला कधी सुरुवात करायची याचा आडाखा जुना आहे: हजार फुटांमागे तीन नॉटिकल मैल. तीस हजारांवर असाल तर नव्वद मैल आधी. मुंबई-गोवा हा मार्ग सरावाला उत्तम. तासाभरात सगळे टप्पे होतात.

आणि मग, सर्वांत शेवटी, 'कोल्ड अँड डार्क'. आता प्रत्येक बटणामागचे कारण कळते. दोन क्रमांकाचे इंजिन आधी सुरू करतात, कारण त्यावरचा पंप पिवळ्या हायड्रॉलिक यंत्रणेला दाब देतो आणि पार्किंग ब्रेक त्याच यंत्रणेवर आहे. सगळे ठीक असेल तर डोक्यावरच्या पॅनेलवर दिवा लागलेला नसतो. काळोख म्हणजे सुरळीत, हे तत्त्व ठेवूनच ते पॅनेल रचले आहे. याच टप्प्यावर दहा हजार फुटांवर जाऊन एलॅक २ बंद करून बघा. ईकॅम या इशाऱ्यांच्या पडद्यावर इशारा येतो, एलिव्हेटरचा ताबा एलॅक १ कडे जातो, विमान उडत राहते. बातमीत न मावलेली गोष्ट अशी स्वतः बघता येते.

घरच्या तासांची नोंद कोणत्याही परवान्यासाठी होत नाही, आणि ती होऊही नये. पाठीला जाणवणारा धक्का, धूर, दोनशे जणांची जबाबदारी घरी मिळत नाही. पण यंत्रणेची समज मिळते आणि ती खरी असते. फ्लायबायवायरच्या विमानाची संगणकप्रणाली खुली आहे. कुणीही विद्यार्थी ती उघडून वाचू शकतो. आपल्याकडे अभियांत्रिकी महाविद्यालये गावोगावी आहेत आणि नियंत्रण प्रणालीचा विषय बहुतेक ठिकाणी फळ्यावरच संपतो. प्रत्येक महाविद्यालयाने प्रयोगशाळेतला एक चांगला संगणक, एक साइडस्टिक आणि हे फुकटचे विमान विद्यार्थ्यांच्या हाती द्यावे. खर्च एका सेमिनारहून अधिक येणार नाही.