कार्डावरचं बिऱ्हाड

मियू मिनी प्लससारख्या तळहाताएवढ्या स्वस्त गेमिंग यंत्रात ‘कस्टम फर्मवेअर टाकायचं’ म्हटलं की नवख्याच्या पोटात गोळा येतो. रूट करताना फोन कायमचा मेल्याच्या कथा त्याने ऐकलेल्या असतात. पण या यंत्रावर लोक हौसेने टाकतात त्या ओनियन ओएसला फर्मवेअर म्हणणं हीच मुळात ढिलाई आहे. यंत्र सुरू झालं की आतल्या चिपवरचं कंपनीचं सॉफ्टवेअर मायक्रोएसडी कार्डातल्या एका ठरावीक फोल्डरात डोकावतं. तिथे ‘अपडेटर’ नावाची फाइल दिसली तर पुढचा कारभार तिच्यावर सोपवतं. ओनियन याच दाराने आत शिरतं आणि कार्डावरच बिऱ्हाड थाटतं. कार्ड काढलं की बिऱ्हाड उठलं, चिप होती तशीच.

म्हणजे निगुतीने करायचं काम कार्डाचं. सोबत आलेलं बिननावाचं कार्ड कधी दगा देईल सांगता येत नाही. त्यातलं सगळं कंप्युटरवर उतरवून ठेवावं आणि नावाजलेल्या कंपनीचं नवं कार्ड फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट करावं. विंडोजच्या नेहमीच्या फॉरमॅट खिडकीत ३२ जीबीच्या वर हा पर्यायच मिळत नसे, म्हणून त्यासाठी रूफससारखी साधनं वापरली जातात. मग ओनियनची झिप फाइल उघडून आतलं सगळं थेट कार्डावर ओतायचं. फसगत होते ती इथे. त्या ठरावीक फोल्डरचं नाव टिंबाने सुरू होतं आणि अशी नावं मॅक लपवून ठेवतो. दिसले तेवढेच फोल्डर ओढून नेले की यंत्र सुरू होतं, पण समोर कंपनीचाच जुना मेनू. बिघडलेलं काहीच नसतं, किल्ली तेवढी घरी राहिलेली असते. सगळं जागेवर असलं तर पडद्यावर इन्स्टॉलेशन सुरू होतं. ते संपेपर्यंत पॉवरच्या बटणाला हात लावायचा नाही. मोबदल्यात काय, तर यंत्र बंद करताना खेळ होता तिथेच जपला जातो आणि पुन्हा चालू केल्यावर तिथूनच सुरू होतो. दोन स्टेशनांच्या मधे खेळणाऱ्याला हे एवढंही पुष्कळ आहे.

मग यंत्र ठार होण्याची भीती निव्वळ बागुलबुवा? तसंही नाही, फक्त ती चुकीच्या ठिकाणी चिकटवली जाते. कंपनीचं स्वतःचं फर्मवेअर अपडेट खरोखरच चिपवर लिहिलं जातं. तिथे मिनीची फाइल मिनी प्लसमध्ये घातली किंवा मधेच वीज तुटली तर यंत्राचा दगड होऊ शकतो. म्हणजे ‘अधिकृत’ वाट जोखमीची आणि हौशी लोकांची वाट परतीची!

चोरीच्या खेळांचा आक्षेप याहून वजनदार आहे. पण ओनियनसोबत जुन्या कंपन्यांचे खेळ येत नाहीत. ते भरतात अनेक विक्रेते, आपल्या कार्डांवर, हजारोंनी, आणि त्यात एकच खेळ दोनतीनदा. (‘९९९९ इन १’ची कॅसेट आठवणाऱ्यांना हा हिशेब नवा नाही.) नवं कार्ड कोरं असतं. त्यावर काय चढवायचं हे मालकाने ठरवायचं, आणि गेम बॉयसारख्या जुन्या यंत्रासाठी आजही हौशी मंडळी नवे खेळ लिहून उघडपणे वाटतात. जुन्या कार्डावरून मात्र सेव्हच्या फायली न विसरता उचलाव्यात. गेम बॉयच्या खेळाची अशी फाइल बहुधा ३२ किलोबाइटच्या आतबाहेरची. त्या अख्ख्या कार्डावर निर्विवाद मालकाचं असं कित्येकदा तेवढंच असतं.